जर्मन पासपोर्टवर अमेरिका, भारत आणि नामिबिया : निघण्यापूर्वी काय तपासावे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा : आपण म्युनिकमध्ये राहता, आपल्याला आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला नुकतेच जर्मन नागरिकत्व मिळाले असून दोघांचे नवे पासपोर्ट हाती आले आहेत. पत्नीचा पासपोर्ट मात्र भारतीयच आहे आणि तिच्याकडे जर्मनीतील कायम वास्तव्याचा परवाना आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत टोरांटोमार्गे अमेरिका, दिवाळीला पुणे आणि पुढच्या वर्षी नामिबिया असा आपला बेत आहे. ‘जर्मन पासपोर्टला आता कुठेच व्हिसा लागत नाही’ असे मित्र सांगतात, ते कितपत खरे आहे, असे आपण विचारले आहे.

जर्मन पासपोर्टवर आगाऊ व्हिसा न काढता जाता येईल असे देश फार आहेत, एवढा भाग खरा. पण व्हिसा नको म्हणजे परवानगी नको असे नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, इस्रायल, केनिया अशा अनेक देशांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन मंजुरी घेणे सक्तीचे केले आहे, आणि त्यांतील बहुतेक मंजुऱ्या माणसाला नव्हे, तर विशिष्ट क्रमांकाच्या पासपोर्टला जोडलेल्या असतात. प्रवासविषयक सल्ला देण्याच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत असे झाले आहे की, जर्मन नागरिकांचा प्रवास अडतो तो क्वचितच व्हिसा नाकारल्यामुळे. तो अडतो पासपोर्ट आणि मंजुरी यांची जुळणी न झाल्यामुळे, आणि तीही विमानतळावर चेक-इन काउंटरपाशी. म्हणून देशांकडे वळण्यापूर्वी आपण हातातल्या पासपोर्टविषयीच बोलू.

पासपोर्ट क्रमांकापासून सुरुवात करा. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात अक्षरे आणि अंक दोन्ही असतात, पण त्यात स्वर येऊ नयेत अशी त्याची रचना आहे, त्यामुळे इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर त्यात कधीच नसते. गोल दिसणारे प्रत्येक चिन्ह शून्यच असते. तरीही अर्ज भरताना लोक शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप करतात, मंजुरी येते, पैसेही कापले जातात, आणि ती मंजुरी अस्तित्वातच नसलेल्या पासपोर्टच्या नावे तयार होते. विमान कंपनीच्या यंत्रात पासपोर्ट सरकवला की मंजुरी सापडत नाही आणि बोर्डिंग पास निघत नाही. शक्य असेल तिथे क्रमांक हाताने न भरता मोबाइल ॲपने पासपोर्ट स्कॅन करावा, आणि तरीही शेवटी एकेक चिन्ह बोट ठेवून ताडून पाहावे.

नावाचेही तसेच आहे. फोटोच्या पानाच्या तळाशी ज्या दोन ओळी यंत्राला वाचता याव्यात म्हणून छापलेल्या असतात, त्यांतील नाव हेच तिकिटासाठी आणि अर्जासाठी प्रमाण मानावे. जर्मन नावातील दोन टिंबांचा ‘यू’ तिथे ‘यूई’ असा उलगडलेला असतो आणि जर्मन ‘एस्त्सेट’ (ß) या अक्षराच्या जागी दोन ‘एस’ येतात. ‘गेबोरेन’ (‘जन्मनाव’ अशा अर्थाच्या) या शब्दाच्या संक्षेपासह माहेरचे आडनाव वर छापलेले असले, तरी खालच्या ओळीत ते नसते, म्हणून अर्जात त्या संक्षेपासकट आडनाव भरणे चुकीचे ठरते. मराठी कुटुंबांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे बहुधा वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, आणि जर्मन कायद्यात अशा मधल्या नावाला वेगळे स्थान नाही. नागरिकत्व घेताना नावाविषयी निवेदन देऊन ते मधले नाव गाळता येते किंवा दुसरे पहिले नाव म्हणून ठेवता येते. आपण यांपैकी काय केले हे पुढे भारताच्या कागदपत्रांसाठी फार महत्त्वाचे ठरेल, तेव्हा त्या निवेदनाचा दाखला जपून ठेवा.

चोवीस वर्षे पूर्ण झालेल्यांचा जर्मन पासपोर्ट 10 वर्षे आणि त्याहून लहानांचा 6 वर्षे चालतो. लहान मुलांसाठी पूर्वी मिळणारा ‘किंडरराइजेपास’ 1 जानेवारी 2024 पासून नव्याने दिला जात नाही, त्याचे नूतनीकरणही होत नाही. आपल्या मुलाचा पासपोर्ट नेहमीचा, चिप असलेला आहे, त्यामुळे त्याची अडचण नाही. मात्र ज्यांची मुले अगदी तान्ही आहेत त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, मूल मोठे होऊन फोटोवरून ओळखू येईनासे झाले, तर मुदत शिल्लक असूनही तो पासपोर्ट प्रवासाला उपयोगी पडत नाही. ऐन वेळी नगरपालिकेच्या ‘ब्युर्गरआम्ट’मधून तातडीने मिळणारा हिरवा तात्पुरता पासपोर्टही असतो, पण त्यात चिप नसते आणि अमेरिका तो व्हिसामाफीसाठी स्वीकारत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. पासपोर्ट हरवल्याची तक्रार पोलिसांत दिली आणि नंतर तो घरातच सापडला, तर त्यावर प्रवास करू नये. त्याची नोंद इंटरपोलच्या यादीत गेलेली असते, आणि जर्मनीत तक्रार मागे घेतली तरी परदेशातील संगणकावरून ती नोंद पुसली गेली असेलच याचा भरवसा नसतो. प्रवेश नाकारून पुढच्या विमानाने परत पाठवले गेलेले प्रवासी मी पाहिले आहेत. अशा वेळी नवा पासपोर्ट काढणे हाच एक सरळ मार्ग आहे.

आता अमेरिका. जर्मनी 1989 पासून अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत आहे. पर्यटन किंवा व्यवसायाच्या भेटीसाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण ‘एस्टा’ ही ऑनलाइन मंजुरी लागते. ती 12 जानेवारी 2009 पासून सक्तीची आहे, साधारणपणे 2 वर्षे चालते, आणि तिचे शुल्क 30 सप्टेंबर 2025 पासून 21 वरून 40 डॉलर झाले. त्या मुदतीत पासपोर्ट बदलला, तर एस्टाही नवी काढावी लागते. विमान बदलण्यापुरते अमेरिकेत उतरायचे असले तरी ती लागते. अर्ज निघण्यापूर्वी किमान 72 तास आधी करावा असे अमेरिकी प्रशासन सांगते. मी तिकीट काढण्याआधीच करायला सांगतो, कारण एस्टा नाकारली गेली, तर रीतसर व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत द्यावी लागते आणि तिची तारीख आपल्या सोयीने मिळत नाही. शोधयंत्रात ‘एस्टा’ असे टाकले की वर जी संकेतस्थळे येतात, त्यांतील कित्येक मध्यस्थांची असतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. अमेरिकी सरकारच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही’ असा असतो, एवढे पाहूनच पुढे जावे.

एस्टाच्या अर्जातील दोन प्रश्न आपल्यासारख्या नव्या जर्मन नागरिकांसाठी विशेष आहेत. पहिला, आपण यापूर्वी दुसऱ्या कोणत्या देशाचे नागरिक होता का आणि त्या देशाने आपल्याला पासपोर्ट दिला होता का. याचे उत्तर ‘होय, भारत’ असेच द्यायचे. त्यात लपवण्यासारखे काही नाही आणि भारतीय असण्यामुळे एस्टा नाकारलीही जात नाही. दुसरा, आपल्याला अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेला आहे का. इथे पुष्कळ जण मनाशी असा विचार करतात की, तो नकार जुन्या भारतीय पासपोर्टवरचा होता, आता पासपोर्ट नवा आणि नागरिकत्वही नवे, तेव्हा तो मोजायचा नाही. हा विचार धोक्याचा आहे. प्रश्न आधीच्या पासपोर्टलाही लागू आहे, बोटांचे ठसे तेच आहेत, आणि खोटे उत्तर हे स्वतःच प्रवेश नाकारण्याचे, पुढेही अडचणीचे ठरेल असे कारण होते. विद्यार्थी असताना किंवा नोकरीच्या निमित्ताने कधी नकार मिळाला असेल, तर खरे उत्तर द्या. त्यामुळे एस्टा मिळाली नाही, तर व्हिसाचा अर्ज करा. जुन्या भारतीय पासपोर्टवर दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा शिल्लक असेल, तरी नागरिकत्व बदलल्यावर तो जर्मन पासपोर्टच्या जोडीने वापरता येत नाही.

ज्यांनी 1 मार्च 2011 नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया किंवा येमेन या देशांत पाऊल ठेवले आहे, त्यांना सामान्यतः एस्टा मिळत नाही. पुढे या यादीत उत्तर कोरिया आला, आणि 12 जानेवारी 2021 किंवा त्यानंतर क्युबाला गेलेल्यांनाही हाच नियम लागू झाला. जर्मन पर्यटकांत क्युबा फार लोकप्रिय आहे, त्यामुळे तिथल्या आठ दिवसांच्या सहलीपायी अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखतीला उभे राहावे लागलेले लोक आता नेहमी भेटतात. या यादीमुळे अमेरिका बंद होत नाही, फक्त व्हिसा काढावा लागतो.

90 दिवसांची मुदत वाढवून मिळत नाही. मधेच कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या बेटांवर जाऊन परत आले, तरी ती सामान्यतः पहिल्या प्रवेशापासूनच मोजली जाते. आणि एस्टा ही विमानात बसण्याची मंजुरी आहे, प्रवेशाची हमी नव्हे. जर्मन परराष्ट्र खात्याने मार्च 2025 मध्ये आपल्या प्रवाससूचनेत हे मुद्दाम स्पष्ट केले, कारण त्या सुमारास काही जर्मन नागरिकांना अमेरिकेच्या सीमेवर अडवून स्थानबद्ध ठेवल्याच्या घटना घडल्या होत्या. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता आणि जर्मनीतील नोकरीचा कागद जवळ असू द्या. आपण नातेवाइकांकडे राहणार असाल, तर ‘थोडी मदत करू त्यांच्या दुकानात’ असले वाक्य इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यासमोर सहज म्हणूनही बोलू नका. एस्टावर कोणतेही काम चालत नाही, आणि नात्यातली मदत व मोलाचे काम हा फरक तिथे उभ्या उभ्या पटवून देता येत नाही.

टोरांटोमार्गे जाण्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कॅनडात विमानाने उतरणाऱ्या जर्मन नागरिकाला ‘ईटीए’ ही एस्टासारखी ऑनलाइन मंजुरी लागते, अगदी विमान बदलण्यापुरतीसुद्धा. ती 7 कॅनेडियन डॉलरांत आणि बहुधा काही मिनिटांत मिळते, 5 वर्षे किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत चालते. आपले आणि मुलाचे काम सहज होईल. पण भारतीय पासपोर्टवर कॅनडात केवळ विमान बदलायलाही सहसा व्हिसा लागतो, आणि जर्मनीतील वास्तव्याचा परवाना तिथे कामाला येत नाही. पत्नीसाठी अमेरिकेचा व्हिसा काढायचाच आहे, त्यात कॅनडाचा वेगळा अर्ज कशाला? थेट विमान घ्या, किंवा युरोपातल्याच एखाद्या विमानतळावर बदला.

ब्रिटन आपल्या बेतात नाही, पण लंडनला शनिवार-रविवारी जाणारे बरेच असतात म्हणून सांगतो. जर्मन ओळखपत्र, म्हणजे ‘पेर्सोनालआउसवाइस’, दाखवून तिथे जाण्याचे दिवस 1 ऑक्टोबर 2021 रोजी बहुतेकांसाठी संपले. पासपोर्टच लागतो, आणि 2 एप्रिल 2025 पासून युरोपीय नागरिकांना ब्रिटनची वेगळी ‘ईटीए’ही लागते. तीही पासपोर्टला जोडलेली असते, तान्ह्या मुलालाही स्वतंत्र काढावी लागते.

भारताविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. 27 जून 2024 पासून जर्मनी दुहेरी नागरिकत्व मान्य करते, आणि त्यामुळे अनेकांचा समज झाला आहे की आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात. जर्मनीची हरकत गेली, भारताची नाही. भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील कलम 9 नुसार, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे हा गुन्हा आहे, मग त्याची मुदत आणखी पाच वर्षे शिल्लक का असेना. ‘जाताना जर्मन दाखवायचा, मुंबईत उतरल्यावर भारतीय’ असा सल्ला कुणी दिला, तर तो कानांआड करा. दंड होतो, आणि पुढे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारतात व्हिसाशिवाय येण्या-राहण्यासाठी मिळणारे कार्ड, काढताना हीच नोंद आडवी येते.

आपण आधी म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट (पासपोर्ट परत केल्याचा दाखला) घ्यायचे आहे, मुलाचा भारतीय पासपोर्ट असेल तर त्याचेही. ते हाती आल्यावर ओसीआय कार्डाचा अर्ज. नाव जर्मन पासपोर्टवर आहे तसेच ओसीआयवर येते, आणि जुन्या भारतीय कागदांवरील नावाशी ते जुळत नसेल तर फरकाचा पुरावा मागितला जातो. वर सांगितलेला नावाच्या निवेदनाचा दाखला इथे लागतो. ओसीआय कार्डाला वेळ लागतो, आणि दिवाळीपूर्वीचे महिने गर्दीचे असतात. उन्हाळ्यात अमेरिकेला जायचे म्हणून पासपोर्ट स्वतःजवळ हवा आणि त्याच काळात ओसीआयच्या प्रक्रियेतही तो दाखवायला हवा, अशी ओढाताण होऊ नये म्हणून सरेंडरचे काम आजच सुरू करा.

ओसीआय दिवाळीपर्यंत न आल्यास ई-व्हिसावर जाता येते. जर्मन नागरिकांना तो उपलब्ध आहे आणि मुंबई, पुणे व गोवा या विमानतळांवर चालतो. अर्जात नागरिकत्व जन्माने मिळाले की नंतर घेतले, आणि पूर्वीचे नागरिकत्व कोणते, हे विचारलेले असते. तिथे ‘जन्माने’ असे भरून वेळ वाचवण्याचा मोह काहींना होतो, पण पासपोर्टवर जन्मस्थान म्हणून पुणे छापलेले असते आणि अर्जाची छाननी करणारा ते वाचतोच. ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांनी आगमनाची माहिती ऑनलाइन भरायची पद्धत सुरू झाली आहे, ती भारतात पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत भरावी. ओसीआय मिळाल्यावरही एक जबाबदारी राहते : वीस वर्षांच्या आतील मुलाचा पासपोर्ट जेव्हा जेव्हा बदलेल, तेव्हा नव्या पासपोर्टची प्रत आणि नवा फोटो ऑनलाइन चढवायचा असतो. मुलाचा जर्मन पासपोर्ट 6 वर्षांचा असल्याने हा प्रसंग लवकरच येईल. शिवाय ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण किंवा धर्मप्रसार यांसाठी आणि प्रतिबंधित भागांत जाण्यासाठी वेगळी परवानगी लागते, तसेच शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी वडिलांची जमीन असेल, तर त्या विषयात मात्र वकिलाचाच सल्ला घ्यावा, कारण वारसा आणि खरेदी यांचे नियम वेगळे आहेत.

नामिबियाबद्दल आपल्या मित्रांची माहिती जुनी आहे. 1884 ते 1915 या काळात हा प्रदेश जर्मनीची वसाहत होता, आजही तिथे जर्मन बोलणारा समाज आहे, आणि जर्मन पर्यटक तिथे वर्षानुवर्षे 90 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जात असत. नामिबियाच्या नागरिकांना मात्र युरोपात यायला व्हिसा लागतच होता. ही एकतर्फी सवलत नामिबियाने बंद केली, आणि 1 एप्रिल 2025 पासून जर्मनांना व्हिसा सक्तीचा झाला. तो ऑनलाइन किंवा विंडहुकच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो, शुल्क 1,600 नामिबियन डॉलर. मला हा निर्णय न्याय्य वाटतो, आणि आपण भारतीय पासपोर्ट घेऊन व्हिसाच्या रांगांत उभे राहिलेले असल्यामुळे आपल्यालाही त्याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. ऑनलाइन आधीच काढून ठेवलेला बरा, म्हणजे रात्रीच्या प्रवासानंतर मुलाला घेऊन रांगेत उभे राहावे लागत नाही. पासपोर्टची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी, मोकळी पानेही हवीत, आणि मुलाचा आई-वडिलांच्या नावांसह आंतरराष्ट्रीय नमुन्यातील जन्मदाखला बरोबर ठेवावा.

जन्मदाखला तसा सगळीकडेच न्यावा. नवऱ्याचे, बायकोचे आणि मुलाचे पासपोर्ट दोन देशांचे आणि आडनावेही कधी वेगळी असतात, तेव्हा मूल कुणाचे हा प्रश्न अधिकारी विचारणारच. एकच पालक मुलाला घेऊन निघाला, तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत जोडून, इंग्रजीत लिहून सोबत ठेवावे.

बाकीच्या देशांबद्दल चार ओळी पुरेत. जपानमध्ये 90 दिवस व्हिसा लागत नाही आणि जर्मनांना तिथे गेल्यावर मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढवून मागता येते. चीनने जर्मनांना सध्या 30 दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे, पण ती ठरावीक तारखेपर्यंतची असते आणि वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून प्रत्येक वेळी तपासावी. व्हिएतनाममध्ये 45 दिवस. ऑस्ट्रेलियाची ‘ई-व्हिजिटर’ मंजुरी युरोपीय नागरिकांना विनाशुल्क मिळते, तेव्हा तिच्यासाठी पैसे मागणारे संकेतस्थळ मध्यस्थाचे समजावे. थायलंडला जाताना आगमनाचे पत्रक मे 2025 पासून ऑनलाइन भरावे लागते. तुर्कस्तानात जर्मन ओळखपत्रावरही प्रवेश मिळतो, पण पासपोर्ट घरी ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. कोणत्याही देशासाठी निघण्यापूर्वी जर्मन परराष्ट्र खात्याचे त्या देशाचे पान वाचावे आणि वरची तारीख पाहावी. हे खाते स्वतःच सांगते त्याप्रमाणे, बंधनकारक माहिती त्या त्या देशाच्या दूतावासाचीच असते.

शेवटी आपल्या पत्नीचा प्रश्न, कारण आपल्या वेळापत्रकाची किल्ली तिच्या व्हिसात आहे. आपण जर्मन झाल्यामुळे तिला अमेरिकेसाठी एस्टा मिळत नाही. तिला पर्यटक व्हिसाच लागेल. सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेचे धोरण असे आहे की, अर्जदाराने आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा. ती जर्मनीत राहते, म्हणून बर्लिन, फ्रँकफर्ट किंवा म्युनिक इथे मुलाखत देऊ शकते आणि वास्तव्याचा परवाना हा त्याचा पुरावा आहे. म्हणून आधी तिच्या मुलाखतीची तारीख मिळवा आणि व्हिसा पासपोर्टवर लागल्यावरच तिघांची तिकिटे काढा. दरम्यान आपण आणि मुलगा यांच्या एस्टाचे अर्ज भरून ठेवा, त्यांची मुदत 2 वर्षांची असल्याने लवकर काढण्यात काही तोटा नाही. दिवाळीच्या प्रवासात तिला भारतात कुठलीच मंजुरी लागणार नाही. परत येताना मात्र तिच्या भारतीय पासपोर्टसोबत जर्मन वास्तव्याचे कार्डही हातातल्या पिशवीत असू द्या, कारण मुंबईला चेक-इनच्या वेळी ते मागतात आणि तोवर मोठ्या बॅगा पट्ट्यावर गेलेल्या असतात.